उंबरघास

शब्दकोशाच्या कचेरीत त्याला सगळे 'चाळणी' म्हणायचे, तेही तोंडावर. त्याला त्याचा राग नव्हता. उलट नवा माणूस रुजू झाला की हाच ऐटीत सांगायचा, "शब्द गोळा करणारे इथं ढीगभर आहेत, खडे काढणारा मी एकटा." पस्तीस वर्षं त्यानं इमानेइतबारे खडे काढले. लोक शब्द घेऊन यायचे. कोणी आजोबांचा, कोणी सासरचा, कोणी चक्क झोपेत सुचलेला. हा प्रत्येकाला खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा, आणि अर्ध्या तासानं शब्दासकट दारापर्यंत पोचवायचा.

नियम एवढाच होता: दोन घरं, दोन तोंडं. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन घरांत शब्द सापडला तर तो भाषेचा, नाहीतर तो त्या घराचा. दोन्ही तोंडांची वाक्यं पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्यांवर लिहायची, खाली बोलणाऱ्याचं वय, काम आणि तारीख, आणि चिठ्ठ्या लाकडी खणात. त्यात चाळणीची स्वतःची एक युक्ती होती. समोरचा "हो हो, आमच्याकडे होता हा शब्द" म्हणाला की हा जागच्या जागी एक खोटा शब्द जुळवायचा आणि तोही विचारायचा. समोरच्यानं त्यालाही मान डोलावली की चिठ्ठी कचऱ्यात. माणसं लबाड असतात असं त्याचं म्हणणं नव्हतं. "माणसं भिडस्त असतात हो," तो म्हणायचा, "आणि त्या भिडेपायी भाषेची वाट लागते."

अकरा वर्षांपूर्वी एक शाळेतल्या बाई आल्या होत्या. पातेल्याच्या तळाशी उरलेल्या शेवटच्या चमचाभराला त्यांचे वडील एक वेगळाच शब्द वापरायचे. तो कोशात यावा एवढंच त्यांचं मागणं होतं. दुसरं घर काही सापडेना. बाई तीनदा आल्या. तिसऱ्या खेपेला चाळणी वैतागला आणि म्हणाला, "बाई, घरातला शब्द घरात ठेवा. कोश म्हणजे काही कुटुंबाचं कपाट नव्हे." बाईंनी चिठ्ठीची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि त्या गेल्या. हा किस्सा त्यानं नंतर कितीतरी वेळा चहाच्या वेळी रंगवून सांगितला, आणि लोक हसलेही.

आता असल्या माणसाच्या हातून एक खडा कोशात गेलेला असावा, आणि तो त्यानंच आणलेला असावा, याला काय म्हणायचं? पण तसं झालं खरं, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात.

त्याची आई बाहेर निघालेल्याला सुखासुखी जाऊ द्यायची नाही. उंबऱ्यात थांबवायची, जे काही शिजलं असेल त्यातला एक घास स्वतःच्या हातानं भरवायची, आणि तो चावून गिळेपर्यंत दारात हात आडवा लावून उभी राहायची. शाळेला निघा, परीक्षेला निघा, नाक्यावरून काडेपेटी आणायला निघा, यातून सुटका नाही. त्या घासाला ती उंबरघास म्हणायची. लहानपणी त्याला आणि धाकट्या बहिणीला यानं जीव नकोसा व्हायचा. मित्र रस्त्यावरून बोंबलताहेत आणि ही दोघं गाल फुगवून दारात उभी. पण पुढं भाषा शिकून, चष्मा लावून कचेरीत बसल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला, की अरे, हा तर अस्सल जुना शब्द, आणि एकाही कोशात नाही. त्यानं चिठ्ठी लिहिली: 'उंबरघास. पुल्लिंगी, जुना. घरातून निघणाऱ्याला उंबऱ्यात दिलेला निरोपाचा घास. उंबरा अधिक घास.' बोलणारी गृहिणी, वय सत्तेचाळीस. तेव्हाचे मुख्य संपादक इतके खूश झाले की दुसऱ्या तोंडाची वाट न बघता त्यांनी सही ठोकली.

कोश छापून आला. एकशे बाराव्या पानावर उंबरघास. एका विद्वानांनी त्यावर चार पानी लेख लिहून यातला उंबर म्हणजे उंबराचं झाडच, हे सिद्धही करून टाकलं. चाळणी दोन दिवस हसत होता. कोश घरी आणला त्या दिवशी आईनं ते पान मांडीवर घेतलं आणि बोट ठेवून ठेवून वाचलं. तेव्हा तिला दिसत होतं. वाचता वाचता तिचे डोळे भरून आले. लेकाचं कौतुक, दुसरं काय, असं त्याला वाटलं. मग तिनं तो जाडजूड ग्रंथ उचलून स्वतःच्या कपाटात कपड्यांखाली ठेवला. त्याला लागला की मागून घ्यावा लागायचा.

बायको लग्न होऊन आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "अहो, ही कुठली पद्धत? आमच्याकडे असलं काही नाही."

"तुमच्याकडे लोपली असेल," पठ्ठ्या म्हणाला.

आपल्या घरात जे चालतं ते जगभर चालतं असं कोणाला वाटत नाही? सगळ्यांनाच वाटतं. पण ती चूक छापून काढायची सोय फक्त याच्याकडे होती.

यंदा कोशाची नवी आवृत्ती निघायची होती. आता संपादकबाई होत्या, त्याच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या, आणि म्हणूनच त्याच्याइतक्याच कडक. त्यांनी जुना प्रत्येक शब्द पुन्हा चाळायला घेतला. एका सोमवारी त्या त्याच्या टेबलाशी आल्या. "काका, पान एकशे बारा. उंबरघास. खणात एकच चिठ्ठी आहे."

"अहो, हा तर सगळ्या जगाला ठाऊक असलेला शब्द," तो म्हणाला.

"मग शुक्रवारपर्यंत जगातलं एखादं माणूस आणा. शुक्रवारी पानं छापखान्यात जातायत."

चाळणी कामाला लागला. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांना त्यानं विचारलं, केस कापता कापता न्हाव्याला विचारलं, रेशनच्या रांगेत पुढच्या बाईला आणि मागच्या बाईला विचारलं. "उंबराचा घास? तो कोण खातं हो?" असंच उत्तर येई. बागेतल्या एका निवृत्त पोस्टमननं मात्र झटकन मान डोलावली. होता, होता, आमची आजी म्हणायची. चाळणीच्या पोटात आनंद मावेना, पण खोड कुठं जाते? त्यानं विचारलंच, "आणि पायरघास?" "तोही होता की," पोस्टमन म्हणाला. चाळणीनं चिठ्ठी खिशात परत ठेवली आणि त्याला चहा पाजला.

घराखाली दुकान असलेला शिंपी त्यांच्या घराला चाळीस वर्षं ओळखत होता. त्यानं सुईत दोरा ओवता ओवता म्हटलं, "लिहा की माझं नाव. काकूंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय, आमच्याच घरातला म्हणा. कोण बघायला येतंय?"

"मी येतो," चाळणी म्हणाला.

बुधवारी त्यानं बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "अरे, माझ्या सासरी मी हा शब्द काढला तर सगळी हसली होती. मी तेव्हाच ओळखलं, हे आईचं काहीतरी आहे. तू एवढा शब्दांचा राजा, तिलाच का नाही विचारत?"

खरंच की. पस्तीस वर्षांत त्यानं हजारो म्हाताऱ्यांपुढं चिठ्ठी धरली होती. आईपुढं एकदाही धरली नव्हती.

गुरुवारी तो दुपारीच घरी आला. आई खिडकीजवळच्या पलंगावर सुपात मटार सोलत बसली होती. वय ब्याऐंशी. डोळ्यांत आता उजेड आणि अंधार एवढाच फरक उरलेला, पण बोटांना सगळं दिसायचं. रोज सकाळी घास भरवताना ती आधी त्याची हनुवटी चाचपायची आणि मग तोंड शोधायची. तो तिच्यासमोर स्टूल घेऊन बसला, गुडघ्यावर कोरी चिठ्ठी ठेवली, पेन्सिल काढली आणि कचेरीतल्या आवाजात विचारलं, "आई, उंबरघास हा शब्द तुला कोणाकडून आला? तुझ्या आईकडून का सासूकडून?"

"तुला कशाला हव्यात नसत्या चौकशा?"

"दुसरं घर सापडत नाहीये. नाही सापडलं तर शब्द काढावा लागेल."

"काढायचा म्हणजे?"

"म्हणजे नव्या कोशात नसेल."

आईचा हात मटाराच्या शेंगेवर थांबला. मग तिनं सूप बाजूला सारलं.

"आईचा नाही आणि सासूचाही नाही," ती म्हणाली. "तुझ्या मोठ्या भावाचा शब्द आहे तो."

घरात थोरला म्हणजे हाच. एकोणसाठ वर्षं हाच थोरला. फार पूर्वी एका आत्याच्या तोंडून 'तुझ्या आधीचं एक गेलं' असं त्याच्या कानावर पडलं होतं, पण जन्मतःच गेलं असेल असं समजून त्यानं पुढं विचारलंही नव्हतं.

"चांगला चालता-बोलता होता रे," आई म्हणाली. "बोलता कसला, पोपट होता नुसता. पण पायाला भिंगरी. जेवायला एका जागी बसेल तर शपथ. सकाळ झाली की धूम बाहेर. मग मी काय करायची, दारात गाठायची, उंबऱ्यावर बसवायची आणि एक घास तोंडात घालायची. तोंड भरलेलं असताना धावायचं नाही, असं मी त्याला शिकवलं होतं. तेवढं मात्र ऐकायचा. घास संपेपर्यंत बसून राहायचा उंबऱ्यावर, पाय हलवत. त्याचं नाव त्यानंच ठेवलं. सकाळी उठला की दारात जाऊन बसायचा आणि ओरडायचा, आई, उंबरघास."

चाळणीच्या हातात पेन्सिल होती. त्यानं काहीच लिहिलं नाही.

"तू आठ दिवसांचा होतास. मी आतल्या खोलीत बाळंतीण. तू प्यायला लागला होतास, आणि तू प्यायचा नाहीस धड, म्हणून मला उठवेना. त्यानं दारातून हाक मारली. मी म्हटलं, थांब, बाळ पितंय. पुन्हा हाक मारली. मी म्हटलं, थांब म्हटलं ना. तिसऱ्यांदा हाक आली नाही. मला वाटलं, बसला असेल शहाण्यासारखा." आईनं सुपातला एक दाणा उचलला आणि परत ठेवला. "गल्लीच्या तोंडाशी लाकडाची वखार होती तेव्हा. तिथं ट्रक मागं घेत होते. अरे, एक घास चावायला कितीसा वेळ लागतो? तेवढाच उशीर हवा होता त्याला. तेवढ्यात तो ट्रक मागं जाऊन थांबलासुद्धा असता."

बाहेर शिंप्याचं मशीन चालू होतं.

"मग तुम्ही कधी सांगितलं का नाही आम्हाला?" शेवटी तो म्हणाला. आईला तो कधी 'तुम्ही' म्हणत नसे. बापाला म्हणायचा, आणि बाप जाऊन वीस वर्षं झाली होती.

"त्यांनीच सांगितलं होतं, या घरात विषय नको. धाकट्याला वाटेल माझ्यामुळं झालं. कपडे कोणाला तरी देऊन टाकले. फोटो काढायची ऐपत कोणाची होती? जन्माची नोंद म्हणशील तर शाळेत घालताना करू म्हणून राहिलेली. आणि तू एक दिवस तो ग्रंथ घेऊन आलास, आणि त्यात माझ्या पोराचा शब्द छापलेला. तू लिहिलं होतंस निरोपाचा घास. निरोपाचा कसला? थांबवायचा घास होता तो. पण म्हटलं, जाऊ दे, शब्द तर आहे." तिनं हात पुढं केला, त्याचा गुडघा सापडला, त्यावर ठेवला. "एवढ्या मोठ्या जगात त्याचं तेवढं एकच ठिकाण आहे रे. तिथं असू दे त्याला."

"बघतो," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी तो उंबऱ्यात उभा राहिला. आईनं हनुवटी चाचपून घास भरवला आणि हात आडवा लावून थांबली. तो त्यानं इतका सावकाश चावला की आईच म्हणाली, "अरे, उशीर होईल तुला." रस्त्यावर आल्यावर त्याला रडू आलं. साठीला टेकलेला माणूस, हातात डबा, बसथांब्यावर उभा राहून रडत होता, आणि लोक भिडेनं दुसरीकडे बघत होते.

कचेरीत त्यानं कोरी चिठ्ठी पुढं ओढली. वर लिहिलं, 'उंबरघास'. खाली लिहिलं, 'शिंपी, वय सहासष्ट'. वाक्य तेवढं लिहायचं राहिलं होतं. एक ओळ. कोणी बघायला येणार नव्हतं, बघणारा तोच होता. संपादकबाई त्याच्या चिठ्ठीवर डोळे मिटून सही करत. एका मुलाला राहायला एक ओळ, तीही सगळ्या जगानं नाकारलेली. यात कोणाचं काय जात होतं? त्यानं पेन्सिल टेकवली आणि त्याला ती शाळेतली बाई आठवली. तीनदा आली होती. तिसऱ्यांदा येताना रिक्षा करून, धापा टाकत. तिच्या वडिलांच्या त्या चमचाभर शब्दात कोण बसलं होतं, हे त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं. आणि ती एकटी थोडीच होती? पस्तीस वर्षांत किती जणांना त्यानं पाणी पाजून परत पाठवलं होतं. त्या सगळ्यांची माणसं बाहेर आणि याचा भाऊ तेवढा आत?

त्यानं चिठ्ठी फाडली. 'गाळलेले शब्द' लिहिलेली वही काढली. शब्द, पान, कारण, सही असे चार रकाने. कारणाच्या रकान्यात तो नेहमी जे लिहायचा तेच त्यानं लिहिलं: 'दुसरं घर नाही.' सही केली. आपण बरोबर केलं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या बरोबरचा त्याला इतका संताप आला की वही भिरकावून द्यावीशी वाटली. त्यानं ती मिटून जागेवर ठेवली.

संपादकबाईंनी त्याचा चेहरा पाहिला. "काका, बरं वाटत नाहीये का?"

"माझा भाऊ गेला," तो म्हणाला.

"अरे देवा. कधी?"

बाईंनी त्याला घरी पाठवलं.

आईनं त्या दिवशी काही विचारलं नाही, नंतरही नाही. "बघतो" म्हणाला म्हणजे पोरगा बघेल, एवढा तिचा विश्वास. तो मात्र रोज तिच्यासमोरून जाताना चोरासारखा जायचा. बायकोला त्यानं सगळं सांगितलं होतं. ती त्याला बोल लावायला चुकत नसे, पण या बाबतीत एक अक्षर बोलली नाही, त्यामुळं त्याला जास्तच भीती वाटायची.

आठ महिन्यांनी तो निवृत्त झाला आणि कचेरीनं नव्या कोशाची प्रत घरपोच पाठवली. कचेरीतल्या पोरानं आणलेलं पार्सल आईनंच दारात घेतलं. वजनावरून तिनं ओळखलं. तो बाजारातून आला तेव्हा ती ग्रंथ मांडीवर घेऊन पलंगावर बसली होती, पानांवरून तळहात फिरवत.

"आलास? पान काढ," ती म्हणाली. "एकशे बारा."

"आता पानं बदलली, आई. एकशे सव्वीस असेल." पिशवी ठेवून तो तिच्याशेजारी बसला. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. त्यानं पान काढलं. वर 'उंबर' होता, खाली 'उंबरठा' होता, आणि दोन्हींच्या मध्ये दोन ओळींत असते तेवढी पांढरी जागा.

"कुठं आहे? बोट ठेव माझं."

त्यानं आईचं बोट धरलं आणि त्या पांढऱ्या जागेवर ठेवलं.

"वाच."

पस्तीस वर्षांत त्यानं एकही खोटी ओळ कोशात जाऊ दिली नव्हती. त्यानं घसा साफ केला आणि कचेरीतल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "उंबरघास. पुल्लिंगी. बाहेर धावणाऱ्या मुलाला उंबऱ्यावर बसवून, त्यानं थांबावं म्हणून दिलेला घास." त्यानं आईचं बोट किंचित खाली सरकवलं. "हा शब्द प्रथम चार वर्षांच्या एका मुलानं वापरला."

आई लक्ष देऊन ऐकत होती. तिच्या कपाळाला आठी पडली.

"चार कुठला? साडेतीन," ती म्हणाली. "चुकीचं छापलंय."

"हो. चुकलं."

"मग दुरुस्त कर ना. तुझंच काम आहे ते."

त्यानं खिशातून पेन्सिल काढली. आईचं बोट तिथंच होतं आणि कान त्याच्या हाताकडे लागले होते. त्या बोटाच्या शेजारी, कोऱ्या समासात, त्यानं लिहिलं: साडेतीन.

"ठळक लिही," आई म्हणाली. "मला ऐकूच आलं नाही."

त्यानं पेन्सिल दाबून तीच अक्षरं पुन्हा गिरवली.